फेरोफ्लुइडचा थेंब फिरत नाही, नुसता डुलतो: तपासणी कुठून सुरू करायची

जानेवारी उजाडला, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टांची धावपळ सुरू झाली की कोणीतरी माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतं. प्रोजेक्ट फेरोफ्लुइडचा, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय कण मिसळलेल्या, चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या द्रवाचा. "काका, थेंब फिरतच नाहीये. बाटलीच खराब आली असणार." फिजिक्सच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, बाटली खराब निघाल्याचं मी एकदाच पाहिलं आहे. बाकी प्रत्येक वेळी द्रव उत्तम होता. फिरत नव्हतं ते थेंबाला फिरवणारं चुंबकीय क्षेत्र. बाटली महाग येते, मागवली की यायला वेळ लागतो आणि प्रोजेक्टचे तेवढे दिवस वाया जातात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मांडणी बहुतेकांची सारखीच असते. हेल्महोल्ट्झ कॉइलच्या (समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल, मधोमध जवळजवळ एकसारखं क्षेत्र देणाऱ्या) दोन जोड्या एकमेकींना काटकोनात, आतली लहान आणि बाहेरची मोठी. एकीत साइन लहर, दुसरीत तीच लहर ९० अंश, म्हणजे पाव फेरा मागे. या मागे-पुढे असण्यालाच फेज म्हणतात. मधोमध काचेच्या छोट्या सेलमध्ये दुसऱ्या द्रवात सोडलेला फेरोफ्लुइडचा थेंब, वरून कॅमेरा किंवा मायक्रोस्कोप. क्षेत्र फिरलं की थेंब लांबट होतो आणि त्याच्या मागे मागे फिरू लागतो. निदान तशी अपेक्षा असते.

लक्षणं

- थेंब एकाच दिशेला ताणला जातो, आकसतो, पुन्हा ताणला जातो. दिशा बदलतच नाही.
- फिरतो, पण लंगडत. एका दिशेला झरकन जातो, दुसऱ्या दिशेला रेंगाळतो.
- १० हर्ट्झला सुरेख फिरतो, ४० ला नेला की डुलायला लागतो.
- हळूहळू सेलच्या एका कडेला सरकतो आणि तिथेच बसतो.
- सकाळी फिरतो, तासाभराने मंदावतो.
- व्हिडिओत स्थिर दिसतो, किंवा चक्क उलटा फिरताना दिसतो.
- गोल चकतीसारखा पसरतो, कधी कडेला बोटं फुटतात, पण फिरत नाही.

शेवटच्या दोन लक्षणांत बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. त्यातल्या व्हिडिओपासूनच सुरुवात करू, कारण ते तपासायला एक पैसा लागत नाही. चकतीचं पुढे हिशेबाच्या भागात येईल.

कॅमेरा आणि ट्यूबलाइट

लांबट थेंबाला डोकं-शेपूट नसतं. अर्धा फेरा झाला की तो पहिल्यासारखाच दिसतो. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल आणि थेंब १५ हर्ट्झने फिरत असेल, तर दर फ्रेमला बरोबर अर्धा फेरा होतो आणि व्हिडिओत थेंब ढिम्म उभा दिसतो. १४ हर्ट्झला तो दर फ्रेमला १६८ अंश फिरतो, पण डोळ्याला वाटतं की १२ अंश मागे गेला. म्हणजे सेकंदाला एक फेरा, उलटा. चोकवाल्या ट्यूबलाइटचंही तसंच. ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून तिच्या उजेडात ५० हर्ट्झने फिरणारा थेंब साध्या डोळ्यांनाही थांबल्यासारखा भासतो.

फ्रिक्वेन्सी ११ किंवा १३ हर्ट्झ करून बघा. ट्यूबलाइट बंद करा आणि बॅटरीवर चालणाऱ्या टॉर्चचा उजेड घ्या. थेंब फिरताना दिसला, तर पुढचं काहीही वाचायची गरज नाही.

थेंब काचेला चिकटला आहे का

सेल किंचित तिरपा करा. मोकळा थेंब अखंड घरंगळतो. चिकटलेला जागीच राहतो, फक्त त्याचं पोट हलतं, आणि मागे तपकिरी डाग दिसतो. तळाला चिकटलेला थेंब क्षेत्राने ताणला जातो, पण त्याचे पाय बांधलेले असतात. म्हणून तो डुलतो.

तेलातलं फेरोफ्लुइड बाहेरच्या पाणीदार द्रवात सोडत असाल, तर काचेला आधी पाणी लागलं पाहिजे. सेल स्वच्छ धुवा, डिस्टिल्ड वॉटरने चार वेळा खंगाळा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. आधी बाहेरचा द्रव भरायचा, मग पिपेटने थेंब मधोमध सोडायचा. हा क्रम उलटा करू नका. एकदा डाग पडलेली काच पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, कितीही घासली तरी थेंब नेमका त्याच जागी धरतो.

थेंब तळाला टेकूच नये यासाठी घनता जुळवणं चांगलं. केरोसीनसारख्या तेलातल्या नेहमीच्या फेरोफ्लुइडची घनता १.२ च्या आसपास असते. वजनाने ८० टक्के ग्लिसरीन आणि २० टक्के पाणी घेतलं की तेवढी घनता मिळते. मात्र हे मिश्रण वाहायला पाण्याच्या पन्नास-साठ पट घट्ट असतं. थेंब त्यात फिरेल, पण दमानं. वेग वाढवून त्याची परीक्षा घेऊ नका.

मॅग्नेटिक स्टिररवर ठेवून बघा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. केमिस्ट्री विभागातून मॅग्नेटिक स्टिरर मागून आणा. वरची गोळी काढा, प्लेटवर दोन-तीन सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा, त्यावर सेल. हीटर बंद. वेग मिनिटाला १२० फेऱ्यांच्या जवळ, म्हणजे २ हर्ट्झ.

स्टिररच्या पोटात खराखुरा चुंबक फिरत असतो. तिथे फेज नाही, अॅम्प्लिफायर नाही, काही चुकायला जागाच नाही. थेंब तिथे फिरला, तर द्रव, काच, आकार सगळं ठीक. दोष तुमच्या कॉइलच्या बाजूला आहे. तिथेही फिरला नाही, तर कॉइलला हात लावू नका, द्रवाकडे आणि काचेकडे परत या. पाच मिनिटांत अर्धा प्रश्न सुटतो. फक्त मोजमाप इथे करू नका. चुंबक खाली असल्यामुळे तो थेंबाला खाली ओढतही असतो, त्यामुळे आकार खरा मिळत नाही. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढंच घ्यायचं.

होकायंत्र आणि एक बॅटरी

अॅम्प्लिफायर काढून ठेवा. एका जोडीला दीड व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा आणि मध्यभागी होकायंत्र धरा. सुई त्या जोडीच्या अक्षावर ठामपणे वळली पाहिजे. वळत नसेल, तर जोडीतली एक कॉइल उलटी जोडलेली आहे. मग दोन्ही कॉइल मध्यभागी एकमेकींना रद्द करतात आणि क्षेत्राऐवजी उतार तयार होतो, म्हणजे मध्यावर क्षेत्र शून्य आणि कडेकडे वाढत जाणारं. थेंब कडेला सरकतो, त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. एका कॉइलच्या तारा अदलाबदल केल्या की काम झालं. दोन जोड्यांची आपसात अदलाबदल झाली असेल, तर फक्त फिरण्याची दिशा उलटते. तो दोष नव्हे.

तुमचा अॅम्प्लिफायर अगदी कमी फ्रिक्वेन्सी सोडत असेल, तर अर्ध्या हर्ट्झला दोन्ही जोड्या चालवून होकायंत्र पुन्हा मध्ये ठेवा. सुई सारख्या वेगाने गोल गेली पाहिजे. झटके देत गेली किंवा मागे-पुढे झाली, तर खालचा भाग तुमच्यासाठीच आहे. गाणी ऐकायचे अॅम्प्लिफायर साधारण २० हर्ट्झच्या खाली हात आखडता घेतात, आणि तिथे फेजही सरकवतात. लॅपटॉपच्या डाव्या-उजव्या चॅनलमधून साइन आणि कोसाइन काढत असाल, तर आवाज 'सुधारणारी' सगळी सेटिंग बंद करा. बास वाढवणं, आवाज खोलीभर पसरवणं, हे सगळे उपाय दोन चॅनलच्या फेजशी खेळतात.

प्रवाह बघा, व्होल्टेज नव्हे

बहुतेकांचा प्रोजेक्ट इथे अडकलेला असतो. मुलं फंक्शन जनरेटरची (लहरी तयार करणाऱ्या यंत्राची) दोन्ही आउटपुट सीआरओला, म्हणजे लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, लावून दाखवतात: "बघा ना, बरोबर ९० अंश आहेत." असतातच. पण थेंबाला जनरेटरचं व्होल्टेज कळत नाही, त्याला कॉइलमधला प्रवाह कळतो. कॉइलमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या मागे पडतो, आणि किती मागे पडतो ते त्या कॉइलच्या रोधावर, इंडक्टन्सवर (प्रवाह बदलायला कॉइल करते त्या विरोधावर) आणि फ्रिक्वेन्सीवर ठरतं. दोन जोड्या वेगवेगळ्या असतील, तर त्या वेगवेगळ्या मागे पडतात.

आकडे घालून बघू. आतली जोडी २ ओहम, ३ मिलिहेन्री. बाहेरची जाड तारेची, १.२ ओहम, ४ मिलिहेन्री. १० हर्ट्झला आतला प्रवाह सुमारे ५ अंश मागे, बाहेरचा सुमारे १२ अंश. फरक साडेसहा अंशांच्या जवळ, थेंब तेवढा सहन करतो. ४० हर्ट्झला आतला २१ अंश मागे, बाहेरचा ४०. फरक १९ अंश. तुम्ही दिलेले ९० अंश आता ७१ झाले, किंवा जोडणी उलट असेल तर १०९. दोन्ही क्षेत्रांची ताकद सारखी ठेवली तरीही वर्तुळाची लंबवर्तुळाकृती होते, लहान व्यास मोठ्याच्या ०.७ पट. अशा क्षेत्रात एक शुद्ध फिरणारा भाग असतो आणि एक एकाच रेषेत मागे-पुढे होणारा. थेंबाची मोठ्या व्यासाशी सलगी होते आणि तो तिथे रेंगाळतो. '१० ला फिरतो, ४० ला डुलतो' याचं उत्तर एवढंच आहे.

प्रत्येक जोडीच्या वाटेत १ ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर घाला. त्याच्यावरचं व्होल्टेज म्हणजेच प्रवाह. एक सीआरओच्या पहिल्या चॅनलला, दुसरं दुसऱ्याला, आणि सीआरओ एक्स-वाय मोडवर, म्हणजे एक लहर आडवी आणि दुसरी उभी. दोन्ही मिळून पडद्यावर जी आकृती येते तिला लिसाजू आकृती म्हणतात. ती तिरपी लंबवर्तुळाकार असेल तर फेज चुकली आहे. सरळ उभी किंवा आडवी असेल तर फेज बरोबर, पण ताकद कमी-जास्त आहे. नुसती रेघ असेल तर क्षेत्र फिरतच नाही. जनरेटरची फेज हळूहळू फिरवत आकृती सरळ करा आणि त्या फ्रिक्वेन्सीचा आकडा वहीत लिहा. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला नवा आकडा लागेल. मी मुलांना असा तक्ता करून कॉइलच्या स्टँडलाच चिकटवायला लावतो.

सीआरओ लावताना एक फार महत्त्वाची गोष्ट. सीआरओच्या दोन्ही प्रोबची अर्थची (जमिनीला जोडलेली) तार आतून एकच असते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या अॅम्प्लिफायर बोर्डांच्या आउटपुटची दोन्ही टोकं जिवंत असतात, एकही जमिनीला जोडलेलं नसतं. त्यातल्या एका टोकाला प्रोबची अर्थची तार लावली की बोर्ड शॉर्ट होऊन जळतो. मल्टिमीटरने आउटपुटचं प्रत्येक टोक आणि सप्लायचं ऋण टोक यांमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे सप्लायच्या साधारण निम्मं दिसलं, तर प्रोब लावू नका. हॉल इफेक्टवर चालणारा, म्हणजे तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून मोजणारा, प्रवाहाचा सेन्सर वापरा. तो तारेपासून अलग असतो.

आता मघाच्या वर्तुळातला दुसरा सापळा. पडद्यावर प्रवाहाचं सुरेख वर्तुळ आलं म्हणजे क्षेत्राचंही वर्तुळ झालं असं नाही. हेल्महोल्ट्झ जोडीच्या मध्यावरचं क्षेत्र वेढे आणि प्रवाह यांच्या गुणाकाराला त्रिज्येने भागल्यावर जे येतं, त्या प्रमाणात असतं. ५ सेंटिमीटर त्रिज्या, प्रत्येक कॉइलला १०० वेढे आणि १ अँपिअर असेल, तर मध्यावर १.८ मिलिटेस्ला मिळतात. तेवढ्याच वेढ्यांच्या ६.५ सेंटिमीटरच्या बाहेरच्या जोडीला तेच मिळवायला १.३ अँपिअर लागतात. म्हणून पडद्यावर सरळ, पण १.३ च्या प्रमाणातली आकृती आली पाहिजे. हॉल प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण) असेल तर मध्यभागी दोन्ही दिशांनी मोजून खात्री करा.

कोणी एका जोडीला कपॅसिटर लावून ९० अंश मिळवलेले असतात. ते त्या एका फ्रिक्वेन्सीपुरतंच खरं. रेझोनन्सच्या, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांचा विरोध रद्द करतात त्या फ्रिक्वेन्सीच्या, आसपास तर फ्रिक्वेन्सी जराशी हलली तरी फेज घसरते, आणि कपॅसिटरवर सप्लायपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज चढतं. चालू असताना तिथे बोट लावू नका.

तासाभराने मंदावतो

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल ४० अंशांनी तापली तर रोध १६ टक्क्यांच्या जवळ वाढतो. कमी फ्रिक्वेन्सीला प्रवाह तेवढ्या प्रमाणात घटतो, आणि थेंबाला ताणणारा दाब प्रवाहाच्या वर्गाने बदलत असल्यामुळे तो जवळजवळ चौथाईने कमी होतो. त्यात दोन जोड्या सारख्या तापत नाहीत, म्हणजे आकृतीही बिघडते. एक मिनिट चालू, तीन मिनिटं बंद ठेवा. दर अर्ध्या तासाने लिसाजू पुन्हा बघा.

आजूबाजूचं लोखंड

लोखंडी टेबल, स्टीलचे स्क्रू, जवळ ठेवलेला स्पीकर, मायक्रोस्कोपची स्टेज. लाकडी टेबलावर हलवून बघा, फरक लगेच दिसतो. अॅल्युमिनियम चुंबकीय नाही म्हणून त्याची प्लेट मुलं बिनधास्त वापरतात. पण बदलत्या क्षेत्रात तिच्यात भोवरा प्रवाह तयार होतात, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की तेही फेज आणि ताकद दोन्ही बिघडवतात. सेलभोवतीचं सगळं अॅक्रिलिक किंवा लाकूड असावं. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या अगदी जवळ ठेवू नका. ४९ ला ठेवलीत तर मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या, भटक्या क्षेत्राशी मिळून थेंब सेकंदाला एकदा धडधडेल.

हे वरवरचं वाटतं, पण याच कारणासाठी आपल्याकडे एक अख्खी वेधशाळा हलली आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय वेधकाम १९०४ मध्ये अलिबागला नेलं, आणि तिथल्या इमारतीला चुंबकीय नसलेला पोरबंदरी दगड वापरला. तिथे मोजायचं होतं ते पृथ्वीचं क्षेत्र, सुमारे ०.०४ मिलिटेस्ला. तुमच्या १.८ मिलिटेस्लांपुढे ते दोन टक्क्यांच्या जरा वर, म्हणून सहसा चालून जातं. स्पीकरचा चुंबक तेवढा क्षमाशील नाही.

क्षेत्र पुरेसं आहे का, की वेग जास्त आहे

इथे थोडा हिशेब लागतो, पण तो करावाच. चुंबकीय दाब थेंबाला ताणतो, पृष्ठताण त्याला गोल ठेवतो. १.८ मिलिटेस्लाला चुंबकीय दाबाचं माप सुमारे २.६ पास्कल येतं. पृष्ठताणाचा दाब म्हणजे पृष्ठताण भागिले त्रिज्या. १ मिलिमीटर त्रिज्येच्या तेलकट थेंबाला मीटरला १० मिलिन्यूटन पृष्ठताण धरला, तर तो १० पास्कल. २.६ विरुद्ध १०: थेंब जेमतेम हलेल. १० मिलिटेस्ला दिले तर चुंबकीय बाजू ८० पास्कलवर जाते आणि थेंब मस्त लांबतो.

मीठ घालून आयनिक (विद्युतभारित कणांच्या, पाण्यातल्या) फेरोफ्लुइडमधून वेगळ्या होणाऱ्या सूक्ष्म थेंबांचं गणित अगदी वेगळं. त्यांचा पृष्ठताण मीटरला एखादा मायक्रोन्यूटन एवढाच असतो. १० मायक्रोमीटरच्या थेंबाचा दाब ०.१ पास्कल, म्हणून तो १.८ मिलिटेस्लालाही पूर्ण वाकतो. पण तो आळशी असतो. आतली घट्टता ०.१ पास्कल-सेकंद धरली, तर आकार बदलायला त्याला सेकंदभर लागतो. मिलिमीटरच्या थेंबाला ग्लिसरीनमध्ये काही मिलिसेकंद पुरतात. म्हणजे ५ हर्ट्झ मोठ्या थेंबाला सावकाश आणि सूक्ष्म थेंबाला भरधाव.

भरधाव क्षेत्राचा थेंब पाठलाग करूच शकत नाही. त्याला सगळ्या दिशांनी सरासरी ओढ जाणवते, आणि तो चकतीसारखा चपटा होतो. बाक्री, सेबर्स आणि पेर्झिन्स्की या संशोधकांनी १९९४ मध्ये सूक्ष्म थेंबांवर हेच दाखवलं: क्षेत्र वाढवत नेलं की थेंब आधी चपटा, मग लांबट, मग पुन्हा चपटा, आणि या शेवटच्या अवस्थेत कडेला तारामाशासारखी बोटं. मधल्या लांबट अवस्थेत तो फिरतो, पण क्षेत्रापेक्षा कितीतरी सावकाश. हे दिसलं तर मांडणी मोडू नका. फोटो घ्या, क्षेत्र आणि फ्रिक्वेन्सी लिहून ठेवा. तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात चांगली आकृती कदाचित हीच असेल. क्षेत्रासोबत फिरणारा थेंबच हवा असेल, तर फ्रिक्वेन्सी दहापट कमी करा.

शेवटी द्रव

वरचं सगळं बरोबर निघालं, स्टिररवरही थेंब फिरला नाही, तरच बाटलीकडे वळा. बाटली न हलवता बाहेरून साधा चुंबक लावा. द्रव सगळा एकसंध ओढला गेला तर ठीक. तळाला गाळ, वर फिकट तेल दिसलं, तर कण एकमेकांना चिकटले आहेत आणि तो द्रव गेला. झाकण सैल राहून तेल उडालं असेल, तर द्रव घट्ट होतो आणि थेंब सुस्तावतो. अंदाजाने केरोसीन ओतून पातळ करू नका, त्यात कणांवरचं आवरण बिघडू शकतं.

इथे थांबा

कॉइलला हात लावून धरवत नसेल, इन्सुलेशनचा वास येत असेल, तर स्विच बंद आणि काम बंद. अॅम्प्लिफायर किंवा पॉवर सप्लायचं झाकण स्वतः उघडू नका. मेन्स काढल्यानंतरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाकडे द्या आणि त्याला इंडक्टिव्ह लोड (म्हणजे कॉइल) जोडलेला आहे हे आवर्जून सांगा. लिसाजू सरळ, पण हॉल प्रोब वेगळंच दाखवत असेल, तर कॉइलचे वेढे आतून शॉर्ट झालेले असू शकतात. ती पुन्हा गुंडाळायला वाइंडिंगवाल्याकडेच जावं लागतं. फेरोफ्लुइड घरी किंवा फिजिक्सच्या टेबलावर बनवायला जाऊ नका. त्यात अमोनिया असतो, ते काम केमिस्ट्रीच्या फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), तिथल्या शिक्षकांसमोर व्हावं. आणि पेसमेकर असलेली व्यक्ती या टेबलाजवळ येऊ देऊ नका. त्यांच्यासाठी ०.५ मिलिटेस्लाची मर्यादा मानतात, आणि तुमच्या कॉइलच्या मध्यावर त्याच्या कितीतरी पट क्षेत्र असतं.